अज्ञात लेखकाच्या अकराशे पंच्याहत्तर प्रती

कॉलेजातली पोरं तिला श्शताई म्हणायची. वाचनकक्षात कुणी खुसफुसलं की काउंटरमागून ‘श्श’ असा आवाज यायचा आणि चाळीस माना एकदम पुस्तकात जायच्या. खरं सांगायचं तर त्या अख्ख्या दालनात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस तीच. पुस्तक देताना त्याचं नाव मोठ्यानं वाचायची, आणि नुसतं वाचून थांबेल तर ती श्शताई कसली.

“विद्युत यंत्रं, भाग दोन. भाग एक वाचलास?”

“नाही ताई.”

“मग हे म्हणजे जिना मधूनच चढायला घेण्यासारखं झालं. जा, तिसऱ्या रांगेत खालच्या फळीवर आहे. वाकायला लागेल.”

पोरगं ओशाळं हसत वाकायला जायचं. मागची रांग खोळंबायची, पण कुरकुर कुणी करायचं नाही, कारण पुढचा नंबर आपला आणि आपल्याला काय ऐकावं लागणार याची सगळ्यांनाच उत्सुकता.

सत्तावीस वर्षं तिनं तो काउंटर सांभाळला होता. तारखेचा शिक्का, शाईची गादी, लाकडी खणांत उभी लावलेली कार्डं. कुठलं कार्ड कुठल्या खणात आहे हे ती डोळे मिटून सांगू शकायची, आणि कुणी नवखा भेटला की खरोखरच डोळे मिटून दाखवायची.

अशा बाईला प्राचार्यांनी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बोलावून घेतलं. ग्रंथपाल मॅडम आधीच तिथं बसल्या होत्या, खुर्चीच्या अगदी कडेला.

“लायब्ररी संगणकावर जातेय, माहीत आहे ना ताई?”

“हो सर. मॅडमनी सांगितलं.”

“कॉलेज उघडेल त्या सोमवारी काउंटर संगणकावर चालू दिसला पाहिजे. तुम्हाला जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर...” प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वाईट बातमीच्या आधी चष्मा पुसायची त्यांची सवय सगळ्या कॉलेजला पाठ होती. “तळघरात जुन्या कागदपत्रांच्या खोलीत एक माणूस हवंच आहे. शांत जागा आहे.”

“शांत जागेत मी काय करू सर?”

“म्हणजे?”

“काही नाही. जमवते मी.”

बाहेर आल्यावर मॅडमनी तिचा हात धरला. वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेल्या, ताईच्या मुलीच्या वयाच्या. हुशार, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. “ताई, मी आहे ना. तुम्हाला संगणकाची भीती वाटते का?”

“भीती नाही हो वाटत. लाज वाटते. तो बाण मी नेईन तिकडे जात नाही, आणि तेवढ्यात चार जण मागे उभे राहून बघत असतात.”

मॅडमनी त्यावर उपाय काढला. कपाटातून एक जुना माउस शोधला आणि शेपटीसकट ताईच्या पिशवीत टाकला. “घरी हात बसवा. कुणी बघणार नाही.”

कुणी बघणार नाही असं म्हणायला मॅडमनी ताईच्या सासूबाई पाहिल्या नव्हत्या. ऐंशीच्या घरातल्या, कानानं अधू, पण नजर अशी की बंद डब्यातलं ओळखावं. ताई जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर माउस फिरवायची. वर्तमानपत्राचा मथळा म्हणजे वरची कड, जाहिरात म्हणजे खालचं बटण.

“हे कशाला जोडलंय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“कशालाच नाही आई. हाताला वळण लागावं म्हणून.”

“कशालाच जोडलेलं नाही आणि तू ढकलतेयस.”

“हो.”

“माझ्या लेकाचं पण तसंच आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

लेक, म्हणजे ताईचे यजमान, शेजारच्या खोलीत घड्याळ दुरुस्तीला घेऊन बसले होते. ते भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाले, “मी ऐकलं.” पण चौथ्या दिवशी त्यांनीच बायकोसाठी माउसच्या आतलं चाक तेल घालून मऊ केलं. पंधरवड्यात ताईचा हात असा बसला, की जाहिरातीच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर ती न बघता जाऊन यायची.

तिकडे लायब्ररीत कामाचा धडाका उडाला होता. ज्या कंपनीकडून ही संगणक-प्रणाली घेतली होती, तिची माणसं बारा जाडजूड नोंदवह्या उचलून घेऊन गेली. कॉलेज सुरू झाल्यापासून आलेलं प्रत्येक पुस्तक त्या वह्यांत ओळीनं नोंदलेलं होतं: क्रमांक, नाव, लेखक. तोच क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानामागे शाईनं लिहिलेला. शेवटचा क्रमांक होता अठ्ठावीस हजार दोनशे सोळा. तीन आठवड्यांत सगळं टाइप झालं आणि बारकोडच्या स्टिकरांची भेंडोळी आली. उभ्या काळ्या रेघा, खाली बारीक आकडा, बाकी काही नाही. पुस्तकावर हातानं लिहिलेला जो क्रमांक, त्याच आकड्याचा स्टिकर शोधून चिकटवायचा.

हे काम ताई आणि बाइंडरभाऊ या दोघांवर आलं. बाइंडरभाऊ म्हणजे खिळखिळी पुस्तकं शिवून देणारा उंच, हाडकुळा माणूस. त्याला तयार गोंद लागलेल्या कागदाचा मनस्वी तिटकारा.

“याला काय चिकटवणं म्हणतात?” तो म्हणायचा. “खळ नाही, दाब नाही. वाण्यानं पुडी बांधल्यासारखं.”

“तू तोंड चालव, पण हातही चालव भाऊ.”

“ताई, तुमच्याकडून हे ऐकायचं म्हणजे कमाल झाली.”

हात मात्र दोघांचेही काटेकोर. ताई आकडा मोठ्यानं वाचायची, भाऊ स्टिकर लावायचा, ताई पुन्हा वाचायची, भाऊ अंगठ्याच्या नखानं घोटायचा. पाच आठवडे हा जप चालला. संपलं तेव्हा भाऊच्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि टेबलावर एक जाड भेंडोळं शिल्लक होतं.

“एवढे उरले?” ताईनं विचारलं.

“जास्तीचे छापतातच,” कंपनीवाले म्हणाले. हे गृहस्थ दोन फोन घेऊन यायचे आणि एकावर बोलताना दुसऱ्याकडे बघायचे. त्यांनी प्राचार्यांना प्रात्यक्षिकही दाखवलं. दाराजवळच्या काचेच्या कपाटात कॉलेजची अगदी पहिली पुस्तकं शोभेला ठेवलेली असतात. त्यातली दहा काढली, बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा लाल उजेड मारला, दहाची दहा पडद्यावर बरोबर उमटली. वर त्यांनी सांगितलं, की प्रणालीत एकोणतीस हजार तीनशे एक्याण्णव नोंदी आहेत. प्राचार्य खूश झाले आणि तो आकडा त्यांनी नव्या माहितीपुस्तिकेत छापायला पाठवून दिला.

कॉलेज उघडायच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ताई पहिल्यांदा त्या यंत्रापुढे बसली. माउस हातात लोण्यासारखा फिरला. मॅडम बघत होत्या, भाऊ बघत होता, कंपनीवाले एका फोनच्या आडून बघत होते, पण लाज कशी ती वाटली नाही. तिनं समोरच्या फळीवरून एक पुस्तक ओढलं, उजेड मारला आणि सवयीनं पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचलं. “पुलांचं बांधकाम.”

पडद्यावर कोंबड्यांचे आजार आले होते.

दुसरं घेतलं. हातात व्याकरण, पडद्यावर हाडांची शस्त्रक्रिया. तिसरं, चौथं, पाचवं. एकाचा एकाला मेळ नाही.

“स्टिकर चुकीचे लावलेत,” कंपनीवाले म्हणाले. इतक्या सहज, की जणू पाऊसपाण्याचं बोलावं.

“नाही लावले,” ताई म्हणाली.

“प्रात्यक्षिक तुमच्यासमोर झालं ना? दहाची दहा बरोबर. म्हणजे प्रणाली ठीक आहे. लावण्यात गोंधळ झालाय. सगळे काढून पुन्हा लावावे लागतील.”

“सगळे?” भाऊनं स्वतःच्या नखाकडे पाहिलं.

“तीन महिने धरा.”

नेमके त्याच वेळी प्राचार्य आत आले. त्यांनी ऐकलं, पडद्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

“ताई, तुम्ही प्रयत्न केलात, ते मला दिसतंय. पण सोमवारी मी पोरांना काय सांगू? मी पत्र तयार करायला सांगतो. तळघरातलं. नव्या ऑपरेटरला इथे बसवू, तो हळूहळू निस्तरेल.”

“सर, सोमवारला चार दिवस आहेत.”

“चार दिवसांत एकोणतीस हजार पुस्तकं?”

“मला चूक कुठे आहे तेवढं शोधू द्या.”

“शोधा. पत्र मात्र तयार होईल,” असं म्हणून ते गेले. कंपनीवालेही फोन कानाला लावून व्हरांड्यात सटकले.

ताई हातातलं पुस्तक तसंच धरून बसली. तळघर तिला माहीत होतं. एक बल्ब, लोखंडी मांडण्या आणि ‘श्श’ म्हणायला एक जीव नाही. तिथं निवृत्तीपर्यंतची चार वर्षं.

“ताई,” मॅडम हळूच म्हणाल्या, “खरंच चुकलं असेल का हो आपलं?”

“मॅडम, मी वाचायची, हा लावायचा, मी पुन्हा वाचायची. दहा-वीस चुकले असतील. पण सगळी लायब्ररी चुकवायची म्हणजे त्यालाही अक्कल लागते. उघडा कुठलंही पुस्तक.”

भाऊनं पन्नास पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांतून ओढून आणली. पहिल्या पानामागचा शाईचा आकडा आणि स्टिकरवरचा आकडा, पन्नासच्या पन्नास एक.

“म्हणजे स्टिकर बरोबर, प्रणाली बरोबर, आणि कोंबड्या पुलावर,” भाऊ म्हणाला.

“एकपासून सुरू करू,” ताई म्हणाली. “ओळीनं.”

पहिली पुस्तकं काचेच्या कपाटातून आली. एक, बरोबर. दोन, बरोबर. दहा, पंधरा, वीस. पंचवीसही बरोबर. मॅडमचा चेहरा उतरत चालला, कारण जितकं बरोबर येईल तितकी चूक स्टिकरांवर जाणार. मग ताईनं सव्वीस नंबरच्या पुस्तकावर उजेड मारला आणि पडद्यावर जे आलं ते मोठ्यानं वाचलं.

“मागील पानावरून पुढे. लेखक, अज्ञात.”

मॅडम खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या.

“हे कुठलं पुस्तक?” मॅडमनी विचारलं. “कादंबरी आहे का?”

ताईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. भाऊला वाटलं बाईला रडू कोसळलं, म्हणून तो पाणी आणायला धावला. परत येतो तर ती हसून हसून लाल झालेली.

“मॅडम, पहिली नोंदवही काढा. दुसरं पान.”

नोंदवही उघडली. दुसऱ्या पानाच्या पहिल्याच ओळीत, लाल शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: मागील पानावरून पुढे. त्याखाली दुसऱ्या ओळीपासून सव्विसावं पुस्तक. तिसरं पान, पुन्हा तेच. चौथं पान, तेच.

“मोठे सर,” ताई डोळे पुसत म्हणाली. “तुमच्या आधीचे ग्रंथपाल. त्याआधी ते एका गोदामात कारकून होते. तिथली सवय इथे आणली. प्रत्येक नव्या पानाची पहिली ओळ ही अशी. मी एकदा विचारलं, सर, कशाला ओळ वाया घालवता? तर म्हणाले, पान उलटलं की माणूस विसरतो आपण कुठून आलो ते.”

“आणि टाइप करणाऱ्यांनी...” मॅडमच्या डोक्यात उजेड पडायला लागला.

“पुस्तकाचं नाव समजून टाइप केलं. बिचाऱ्यांना सांगितलं असेल, एक ओळ म्हणजे एक पुस्तक, लेखक दिसत नसेल तर अज्ञात घाला. आणि क्रमांक वहीतला घेतलाच नाही. यंत्रानं आपला आपण देऊन टाकला.”

भाऊनं डोकं खाजवलं. “मला समजेल असं सांगा.”

“रांगेत एक भलताच माणूस घुसला भाऊ. त्याच्या मागचे सगळे एकेक पाऊल मागे गेले. पुढच्या पानावर आणखी एक घुसला, मग सगळे दोन पावलं मागे. पहिल्या पानावर कुणी घुसलं नव्हतं, म्हणून काचेच्या कपाटातली तेवढी बरोबर.”

मॅडमनी कागदावर वजाबाकी केली होती. प्रणालीतल्या नोंदी एकोणतीस हजार तीनशे एक्याण्णव, वहीतली पुस्तकं अठ्ठावीस हजार दोनशे सोळा. “अकराशे पंच्याहत्तर घुसखोर,” त्या म्हणाल्या.

“उरलेलं भेंडोळं मोज रे भाऊ.”

भाऊनं मोजलं. अकराशे पंच्याहत्तर.

कंपनीवाल्यांना व्हरांड्यातून बोलावून आणलं. ते दोन्ही फोन खिशात ठेवून पडद्याकडे बघत राहिले. ‘मागील पानावरून पुढे’ शोधल्यावर प्रणालीनं आज्ञाधारकपणे सांगितलं, की या लोकप्रिय पुस्तकाच्या हजारावर प्रती उपलब्ध आहेत आणि एकही बाहेर गेलेली नाही.

“एवढ्या प्रती आपण दुसऱ्या कशाच्या घेतल्या नाहीत,” ताई म्हणाली. “आता या काढून टाका.”

“काढता येतील. पण क्रमांक सरकणार नाहीत. माणूस उठून गेला तरी खुर्ची रिकामीच राहणार. यंत्र एकदा दिलेला आकडा बदलत नाही.”

ताईची नजर भाऊच्या टेबलावर गेली. तिथं एक पुस्तक पाठ उसवलेल्या अवस्थेत पडलं होतं, पानांचे गठ्ठे सुटे.

“भाऊ, एखाद्या पुस्तकात भलतीच पानं शिवली गेली, तर तू काय करतोस?”

“काय करणार? सगळं उसवतो, नको ती पानं काढतो, परत शिवतो.”

“मग तसंच करा साहेब. ती यादी यंत्रातून बाहेर काढा, अगदी सगळी. नको त्या ओळी उडवा. जे उरेल त्याला एकपासून नवे आकडे द्या आणि पुन्हा आत घाला. स्टिकरांना हात लावायचं काम नाही. ते पहिल्यापासून बरोबर आहेत.”

कंपनीवाल्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “एक्सेलमध्ये होईल.”

“होईल,” ते म्हणाले. “अर्ध्या दिवसाचं काम आहे.” मग खालच्या आवाजात, “हे खरं तर मी सुचवायला हवं होतं.”

“असू द्या,” ताई म्हणाली. “तुमचे दोन्ही फोन बिझी होते.”

शुक्रवारी यादी बाहेर आली. ओळी उडवायला मॅडमनी ताईलाच बसवलं. मॅडम शेजारी बसून नुसतं सांगत होत्या, हात ताईचा. ‘मागील पानावरून पुढे’ या नावाची गाळणी लावली, सगळे घुसखोर एकाखाली एक आले. खाली आकडा दिसला: अकराशे चौऱ्याहत्तर.

“एक कमी आहे,” मॅडम म्हणाल्या.

एकाचं काय एवढं, असं भाऊ म्हणणार होता. पण त्यालाही आता ठाऊक झालं होतं, की एक जरी राहिला तरी त्याच्यामागची सगळी रांग चुकणार. तिघांनी बारा वह्या वाटून घेतल्या आणि पानं उलटायला बसले. दुपारच्या चहाच्या वेळी आठव्या वहीत ताईचा हात थांबला. पान तिच्या ओळखीचं होतं. मोठे सर आजारी होते त्या आठवड्यातलं. नोकरीला लागून महिना झाला होता आणि वही पहिल्यांदाच तिच्या हाती आली होती. लाल शाई सापडली नव्हती. पहिल्या ओळीत निळ्या शाईत, घाबरट गोल अक्षरात तिनं लिहिलं होतं: सर बरे होईपर्यंत मी लिहीत आहे.

मॅडमनी शोधलं. होतं. नाव, ‘सर बरे होईपर्यंत मी लिहीत आहे’. लेखक, अज्ञात.

“अय्या,” मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमचं पुस्तक निघालंय.”

“आणि मी स्वतःच रद्दीत काढतेय,” असं म्हणत ताईनं ती ओळ उडवली. पण त्याआधी तिनं ती दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

शनिवारी दुरुस्त यादी आत गेली. त्यांनी दर शंभरावं पुस्तक काढून तपासलं. भाऊ पळत होता, ताई उजेड मारत होती, मॅडम टिक करत होत्या. दोनशे ब्याऐंशी पुस्तकांत पाच स्टिकर चुकलेले निघाले. भाऊनं ते आपल्या हातानं, खळ लावून, बदलले.

प्राचार्य दुपारी आले. सगळं ऐकून घेतलं. चष्म्याला हात लावला नाही.

“म्हणजे आपली अकराशे पुस्तकं कमी झाली?”

“कमी नाही झाली सर. ती नव्हतीच.”

“पण माहितीपुस्तिकेत छापून गेलं आहे.”

“मग कुणी विचारलंच,” ताई म्हणाली, “तर सांगा, बाकीची वाचायला गेलीत.”

प्राचार्यांना हसू आवरेना, पण पदाचा मान ठेवून ते दाराकडे तोंड करून हसले.

सोमवारी आठ वाजता दार उघडलं आणि रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. ताई यंत्रापुढे, मॅडम मागच्या खुर्चीत. पंधरावीस पोरं झाली असतील, तेवढ्यात ऑफिसातला शिपाई दोन पाकिटं घेऊन रांग कापत आला.

“ताई, सही करा. दोन पत्रं आहेत.”

ताईच्या हातातला माउस थबकला. तिनं पहिलं पाकीट फोडलं. आजपासून आपली बदली तळघरातील कागदपत्र विभागात करण्यात येत आहे. खाली प्राचार्यांची सही, तारीख गुरुवारची. मागे मॅडम उठून उभ्या राहिल्या.

“घाबरू नका, दुसरं वाचा,” शिपाई म्हणाला. “पहिल्याला जावक क्रमांक पडला होता गुरुवारीच. साहेब म्हणाले फाडून टाका. हेडक्लार्क म्हणाले, जावक क्रमांक पडलेलं पत्र फाडता येत नाही, पाठवावंच लागतं. मग ते रद्द करायला हे दुसरं काढलं.”

दुसरं पत्र दोन ओळींचं होतं. पहिलं पत्र रद्द समजावे, आपण ग्रंथालयाच्या काउंटरवरच काम पाहावे.

“म्हणजे मी सकाळपासून तळघरात जाऊन परत पण आले,” ताई म्हणाली.

“दोन्हींवर सही करा. वेळ पण घाला.”

तिनं वेळ घातली, पहिल्यावर आठ पंचवीस, दुसऱ्यावरही आठ पंचवीस. रांगेतल्या एका मुलीनं मान उंच करून विचारलं, “ताई, काय झालं हो? प्रमोशन?”

“श्श,” ताई म्हणाली आणि तिच्या हातातलं पुस्तक घेऊन उजेड मारला. “शेतीची अवजारं. तू तर गणिताची ना गं? बरं, असू दे. वाच. पंधरा दिवसांनी आण, आणि मला सांग नांगराला किती भाग असतात.”